‘झिर्कोनियम गंजत नाही’: तुमच्याही प्रबंधात हे वाक्य आहे का?

झिर्कोनियमच्या मिश्रधातूंवरचे प्रबंध चाळा. प्रस्तावनेत हे वाक्य हमखास भेटतं: ‘हा धातू न्यूट्रॉन कमी शोषतो आणि गंजत नाही.’ पहिला भाग ठीक, पण तोही हाफ्नियम काढून टाकला असेल तरच. झिर्कोनियमचं शोषण ०.१८ बार्न, हाफ्नियमचं शंभराच्या वर.

दुसरा भाग मात्र खटकतो. गंजतो की! सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ऑक्साइडचा थर बसतो, म्हणून सावकाश गंजतो, इतकंच. आणि त्यात सुटणारा थोडा हायड्रोजन धातू स्वतःच पितो. खरी गोम इथे आहे. १९८३ साली कॅनडातल्या पिकरिंग अणुभट्टीत झिर्कॅलॉय-२ ची दाबनळी फुटली, ती गंजून भोक पडल्यामुळे नव्हे. नळी वाकून बाहेरच्या थंड नळीला टेकली होती. जड पाण्यातून आत शिरलेलं ड्युटेरियम त्या थंड जागी गोळा झालं आणि हायड्राइडचे ठिसूळ फोड आले. ‘गंजरोधक’ या शब्दात यातलं काय दिसतं?

तेव्हा तापमान, माध्यम, मिश्रधातू आणि आत शिरलेला हायड्रोजन, हे सगळं लिहा. माझ्या पहिल्या मसुद्यातही ते वाक्य होतं. गाइडनी खाली रेघ मारून एवढंच लिहिलं: ‘कशात? किती तापमानाला?’