लूट, बेट आणि घाट : 'ट्रॉपिको २'ची एक चिकित्सा

संगणकीय खेळाला संहिता म्हणावे काय, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. घटनांचा क्रम खेळणाऱ्याच्या हाती सोपविणाऱ्या या रूपबंधात कर्त्याचे विधान घटनांत कमी आणि नियमांत अधिक असते; तेव्हा वाचावयाचे असतात ते नियम. फ्रॉग सिटी सॉफ्टवेअर या संस्थेने रचलेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला 'ट्रॉपिको २ : पायरेट कोव्ह' हा खेळ अशा वाचनाला पुरून उरतो, आणि त्याच वाचनात उघडाही पडतो.

खेळणारा येथे कॅरिबियन समुद्रातील एका बेटावर चाच्यांचा राजा असतो. चाचे लुटीला जातात. पळवून आणलेले बंदिवान लाकूड तोडतात, शेती करतात, दारू गाळतात. चाच्यांच्या साहसकथांनी समुद्रावरची झुंज रंगविली, पण गलबतावरचे धान्य पिकविले कोणी हे फारसे विचारले नाही. या खेळाने नेमका तोच प्रश्न मध्यभागी आणला आणि झुंज पडद्याआड ढकलली. जहाज आज्ञा घेऊन निघते; लढाई खेळणाऱ्याच्या हाती नसते. ही उणीव वाटेल, परंतु रचनेच्या दृष्टीने हा शहाणपणाच आहे. बेटावरचा खरा संघर्ष वेगळा आहे. चाच्यांना बेबंदशाही हवी असते, तर बंदिवानांना ताब्यात ठेवण्यासाठी सुव्यवस्था आणि भय लागते. दोन्ही एकाच जमिनीवर नांदवायचे. चाच्यांचा वाटा पुढे गुत्त्यांत आणि जुगारखान्यांत खर्च होऊन राजाच्या खजिन्यात येतो. लुटीचे महसुलात रूपांतर कसे होते, हे इतक्या निर्विकार नेमकेपणाने दाखविणारी कादंबरी शोधावी लागेल.

बंदिवानाची मनःस्थिती मोजणारे परिमाण तर विलक्षण आहे. तेथे सुख मोजले जात नाही. नशिबाला शरण जाणे मोजले जाते. २००१ च्या पहिल्या 'ट्रॉपिको'त निवडणुका होत्या, गट होते. येथे नागरिकाची जागा बंदिवानाने घेतली. ही बोचरी सूचना खेळाचा विनोदी सूर मात्र टिकू देत नाही. काही वेळातच ते परिमाण वाढविणे हे निव्वळ व्यवस्थापनाचे काम होते. त्या काळची कॅरिबियन बेटे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर उभी होती. विनोद त्या वास्तवाला वळसा घालून जातो.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे, आणि जुन्नर-आंबेगावच्या बाजूने पाहिले तर ती चटकन दिसते. या दोन तालुक्यांतून नाणेघाट, आहुपे घाट अशा वाटा कोकणात उतरतात. कल्याण बंदरातला माल नाणेघाटाने जुन्नरच्या पेठेत चढे; माथ्यावरचा दगडी रांजण परंपरेने जकातीचा मानला जातो. घाटाखालच्या याच किनाऱ्यावर दक्षिणेकडे चाचे असल्याचे 'पेरिप्लस' सांगते, आणि भारताकडे येणारी जहाजे त्यांच्या भयाने तिरंदाज बाळगीत असे प्लिनीने लिहिले आहे. चाचा आणि जकातदार एकाच मालावर जगत होते. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत यवन दाते येतात, धान्यव्यापाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी येतात. तो पैसा पेठेत फिरला आणि दान होऊन दगडात राहिला. खेळात समुद्रापलीकडचा मुलूख नकाशावरचे लक्ष्य एवढाच उरतो. बेटाला घाटमाथा नाही. म्हणून लुटीला पूर्वेतिहासही नाही आणि पुढची वाटही नाही.

यातूनच नावाचा प्रश्न उभा राहतो. १६५७ साली शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातील जुन्नरवर छापा घालून तीन लक्ष होन आणि दोनशे घोडे नेले. आपल्याच जन्मगडाच्या पायथ्याची ती पेठ. या कृत्याला दरोडा म्हणावे की राज्याचा पाया, हे कोणाच्या दफ्तरात नोंद झाली त्यावर ठरते. कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल होते. इंग्रजांच्या कागदांत ते चाचे. ते व्यापारी गलबतांना दस्तक घ्यावयास लावीत, आणि पोर्तुगीजांनी आपल्या 'कार्ताझ' परवान्यांनी हेच त्यापूर्वी केले होते; पोर्तुगीजांच्या बाबतीत मात्र त्याला समुद्रावरील हुकमत म्हटले गेले. 'ट्रॉपिको २'त इंग्लंड, फ्रान्स आणि स्पेन या सत्ता आधीपासून वैध आहेत आणि चाचा आधीपासून चाचा. सत्तांशी सलोखा करता येतो, वैर पत्करता येते. हे नाव कोणी दिले, असे विचारण्याची सोय नियमांत नाही. कान्होजींच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, १७५६ साली, विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जळाले तेव्हा समुद्राकडून इंग्रज होते आणि जमिनीकडून पेशव्यांचे सैन्य. राजा बदलला जाण्याची भीती या बेटावर आहे; आपल्याच धन्याकडून चाचा ठरविले जाण्याची नाही.