होशरुबाची भूमी आणि तिचे आकाश

'तिलिस्म-ए-होशरुबा'विषयी आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. एक वडीलधाऱ्यांचे : जादूटोण्याची किताब, ती पोरांच्या हाती कशाला द्यायची? दुसरे शिकल्यासवरल्यांचे : नवाबी बुडाल्यावर रिकाम्या बसलेल्या लखनौने केलेली ही करमणूक, तिच्यात वाङ्मय कसले शोधता? ही दोन्ही मते मांडणारे एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. पण पुस्तक न उघडण्याच्या बाबतीत त्यांचे एकमत आहे. उघडले असते तर दिसले असते की या दास्तानीतली दुनिया मन मानेल तशी रचलेली नाही. तिला भूगोल आहे, कायदा आहे आणि डोक्यावर एक आकाशही आहे.

आधी पुस्तकाविषयी थोडेसे. लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने दास्तान-ए-अमीर हमजाचे ४६ खंड काढले. होशरुबा हा त्यातला सर्वांत लोकप्रिय भाग. तो १८८३ ते १८९३ या काळात निघाला. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे. सारी मिळून पाने आठ हजारांच्या वर. (कुरआन शरीफही छापणारा हा छापखाना एका हिंदू गृहस्थाचा होता, ही गोष्ट आज मुद्दाम सांगावी लागते.)

आता भूगोल. होशरुबाचे तीन प्रदेश आहेत : जाहिर, बातिन आणि जुल्मात. जाहिर आणि बातिन यांच्या मधून 'दर्या-ए-खून-ए-रवां', म्हणजे वाहत्या रक्ताची नदी जाते. तिच्यावर 'पुल-ए-परीजादां' आहे. हा पूल धुराचा, आणि त्याची राखण करणारे दोन सिंहही धुराचेच. पुलावर तीन मजली बुरूज आहे. एका मजल्यावर पऱ्या तुताऱ्या घेऊन उभ्या असतात. दुसऱ्या मजल्यावरून पऱ्या नदीत मोती टाकतात आणि मासे ते तोंडात धरून पोहतात. आणखी एका मजल्यावर धिप्पाड हबशी योद्धे समोरासमोर उभे राहून एकमेकांना तलवारीने कापत असतात, आणि नदी लाल होते ती त्यांच्याच रक्ताने. एका मजल्यावर संगीत, एकावर मोती, एकावर कत्तल! बादशाहीचे याहून नेमके चित्र मला उर्दू गद्यात तरी आठवत नाही. कत्तलीच्या मजल्यावर काळी माणसेच का, हा प्रश्न मात्र जाहला पडलेला नाही. आजच्या वाचकाला तो पडलाच पाहिजे.

जाहिर आणि बातिन हे शब्द आपल्याला परके नाहीत. अल्लाहच्या नावांत ते आहेत, सूफींच्या बोलण्यात तर पावलोपावली. सूफीसाठी जाहिरकडून बातिनकडे जाणे हा आत्म्याचा प्रवास असतो. होशरुबात मात्र बातिन म्हणजे जादूगारांचा शहेनशाह अफ्रासियाब याच्या खाशांचा मुलूख. त्याच्या मर्जीशिवाय नदी ओलांडता येत नाही. जुल्मात तर त्याहून गूढ. तिथे त्याच्या घराण्यातल्या म्हाताऱ्या जादूगारिणी राहतात. म्हणजे जो शब्द साधनेचा होता तो इथे सत्तेच्या दरवाजाला लावला आहे. जादूगारांच्या बादशहाच्या परगण्यांना खुदाच्या नावांवरून नावे असावीत, यातली खोच त्या काळच्या ऐकणाऱ्याला समजावून सांगावी लागली नसेल.

या मुलखाचा नकाशा मात्र कुणाला काढता येणार नाही. दोन ठिकाणांमधले अंतर कधी एका उड्डाणाचे, तर कधी अनेक दिवसांचे असते. दास्तान ही मुळात सांगायची चीज. सांगणारा जिथवर पोचला तिथवर जमीन! टोल्कीनच्या पुस्तकांतले नकाशे पाहून वाढलेल्या वाचकाला हा ढिसाळपणा वाटेल. मला तो तोंडी कलेचा हक्क वाटतो.

जादूचे तसे नाही. तिथे कायदा कडक आहे. 'तिलिस्म' हा शब्द मूळचा यूनानी. मराठीतही 'तिलिस्मात' जुनाच. इब्न खल्दूनने मुकद्दिम्यात जादू आणि तिलिस्म यांत फरक केला आहे. जादूगार काही साधनाशिवाय, नुसत्या मनाच्या बळावर काम करतो. तिलिस्म बांधणाऱ्याला मात्र ग्रहगोलांची, तत्त्वांची, अंकांची मदत घ्यावी लागते. शरीअतमध्ये दोन्ही हराम, हेही त्याने स्पष्ट लिहिले आहे. होशरुबाचा पाया नेमका हाच आहे. तिलिस्म आकाशाकडून उसना आणलेला असतो, आणि आकाश फिरते आहे. म्हणून प्रत्येक तिलिस्म बांधतानाच त्याची मुदत ठरते, त्याला तोडणारा 'तिलिस्म-कुशा' ठरतो आणि तोडण्याची रीत एका लौहवर लिहिली जाते. इथे तोडणारा आहे अमीर हमजाचा नातू असद. तो मोहिमेवर निघतो तोही रमल टाकून झाल्यावर. अफ्रासियाबलाही हे सारे ठाऊक आहे. त्याच्याजवळ सामरीची किताब आहे; ती उघडली की कुठे काय चालले आहे ते कळते. एवढे कळूनही मुदत एका दिवसाने वाढत नाही.

हा सामरी म्हणजे कुरआनातल्या सूरह ताहामधला, सोन्याचे वासरू घडवणारा. जमशेद इराणच्या पुराणातला. हे दोघे जादूगारांचे देव. आजच्या वातावरणात जादूगारांच्या पूजाअर्चेत कुणी शेजाऱ्यांचा धर्म शोधू लागेल, आणि काही वर्णने तशी संधी देतातही. परंतु नावे पाहिली तर दास्तानगोने खोटे देव आपल्याच परंपरेच्या कोठारातून काढले आहेत.

आकाशाची गंमत अशी की तिलिस्माच्या आत हवामानसुद्धा माणसांचे असते. बहार जादू रणात आली की थंड वारा सुटतो, ताटवे फुलतात. तिने गुच्छ फेकला की शत्रू तिच्या इश्कात वेडा होऊन स्वतःचा जीव देतो. ऋतू इथे एक बाई आहे. ती मलिका हैरतची बहीण, आणि तरीही बंडखोर महरुखच्या बाजूला जाते. जादूगार मेला की अंधार पडतो, दगड बरसतात आणि एक आवाज मेलेल्याचे नाव पुकारतो. त्याची जादू त्याच्याबरोबर संपते. पहिल्या दहा वेळा अंगावर काटा येतो. नंतर, खरे सांगायचे तर, पाने उलटावी लागतात. कमर यांच्या खंडांत जरा जास्तच.

मग आकाशाने दिलेली मुदत भरेपर्यंत बंडखोर तगतात कशाच्या जोरावर? असद तर कैदेतच फार काळ असतो. लढतो तो अमरो अय्यार. त्याला जादू येत नाही. वेश पालटणे, बेहोशीची दवा आणि हजरजबाबी जीभ, एवढ्यावर तो मोठमोठे जादूगार लोळवतो. त्याच्या काखेत पैगंबरांच्या देणगीतून मिळालेली जंबील असते. त्या झोळीत शहरेच्या शहरे मावतात, आणि अमरो इतका चिक्कू की त्यातली एक कवडीही तो खुशीने बाहेर काढत नाही. अफ्रासियाबच्या तीन मुलखांना मुदत आहे. जंबीलमधल्या शहरांना मुदत असल्याचे दास्तान कुठेही सांगत नाही.