न उघडलेली रोजनिशी

दोघा पुरुषांच्या जिवाभावाच्या नात्यात एक स्त्री आली आणि ते नाते तुटले, या कथेस आपल्याकडे इतकी जुनी परंपरा आहे की तिच्यासाठी भाषेने एक स्वतंत्र शब्दच राखून ठेवला आहे. आदिपर्वात नारद पांडवांस सुंद व उपसुंद या दैत्यबंधूंची गोष्ट सांगतो. एका घरात, एका ताटात वाढलेले ते दोघे तिलोत्तमा दृष्टीस पडताच एकमेकांवर गदा उगारतात व दोघेही मरतात. नारदाचा हेतू उपदेशाचा होता, आणि पांडवांनी द्रौपदीसंबंधी नियम घालून घेऊन तो मानलाही. पण गावच्या नगरपालिकेतील भांडणासही आपण ‘सुंदोपसुंदी’ म्हणतो, तेव्हा तिलोत्तमेचे पुढे काय झाले हे कोणी विचारीत नाही. महाभारतकाराने तिला ब्रह्मदेवाकडून निदान एक वर तरी देवविला. आपल्या शब्दात तिच्या नावाचे एक अक्षरही उरलेले नाही.

हे सर्व आठवण्याचे कारण शांदोर माराई या हंगेरियन लेखकाची एक कादंबरी होय. ती 1942 साली बुडापेस्टमध्ये प्रसिद्ध झाली. मूळ शीर्षकाचा अर्थ ‘मेणबत्त्या बुडापर्यंत जळतात’ असा आहे. इंग्रजीत तिला ‘एम्बर्स’ हे नाव मिळाले. माराईचा जन्म 1900 साली काश्शा येथे झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, आज ते कोशित्से या नावाने स्लोव्हाकियात आहे. 1948 मध्ये त्याने मायदेश सोडला तो कायमचाच, आणि 1989 मध्ये अमेरिकेतील सान डिएगो येथे त्याने स्वतःच आपल्या आयुष्याचा शेवट केला. देशाबाहेर त्याचे नाव जवळजवळ कोणास ठाऊक नव्हते. 1998 मध्ये याच कादंबरीचे इटालियन भाषांतर निघाले आणि पाहता पाहता ती युरोपभर वाचली जाऊ लागली. 2001 चे इंग्रजी भाषांतर जर्मनवरून केलेले आहे, म्हणजे आपल्या हाती येते ती सावलीची सावली. तरीही मूळ वस्तूचा आकार तीत स्पष्ट दिसतो, एवढे बळ त्या वस्तूत खचित आहे.

कथानक सांगावयास दोन वाक्ये पुरतात. कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी आपल्या गढीत एकाकी राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या हेन्रिक नावाच्या जनरलकडे त्याचा बालमित्र कॉन्राड 41 वर्षे व 43 दिवसांनी एका रात्रीपुरता जेवावयास येतो. जेवण झाल्यावर यजमान बोलू लागतो, आणि पहाटे पाहुणा निघून जातो. मागे जे घडले ते असे: 1899 च्या उन्हाळ्यात एका पहाटे दोघे मित्र रानात शिकारीस गेले असता आपल्या पाठीशी उभ्या असलेल्या कॉन्राडने बंदूक उचलली ती समोरच्या हरणावर नसून आपल्यावरच रोखली आहे, असे हेन्रिकला जाणवले. हरीण पळाले, बंदूक खाली आली, कोणी काही बोलले नाही. रात्री दोघे व हेन्रिकची पत्नी क्रिस्टिना एकत्र जेवली, आणि दुसऱ्या दिवशी कॉन्राड सैन्यातील नोकरी सोडून नाहीसा झाला. पुढे तो मलायात राहिला व इंग्लंडचा नागरिक झाला.

शिकारीचा हा प्रसंग अलीकडच्या युरोपीय कादंबरीतील उत्कृष्ट प्रसंगांपैकी एक मानण्यास मला संकोच वाटत नाही. त्यात घडत काहीच नाही. पहाटेचा अंधुक प्रकाश, पाचोळ्याचा वास, कान टवकारलेले हरीण, आणि पाठीमागे ऐकू आलेला एक बारीकसा आवाज. हेन्रिक मान वळवून पाहत नाही. त्याने मान वळविली असती तर ही कादंबरी लिहिली गेली नसती. दोन माणसांत जे काही व्हावयाचे ते तेथेच होऊन गेले असते. पुढील 41 वर्षे तो जे करतो ते या न वळविलेल्या मानेचेच विस्तृत रूप आहे.

ही कादंबरी मैत्रीचे स्तोत्र म्हणून वाचण्याचा मोह होतो, कारण जनरलचे भाषण मोठे भारदस्त आहे. मैत्री ही मोबदल्याची अपेक्षा न धरता करावयाची सेवा आहे, सैनिकाच्या शपथेसारखी ती पाळावयाची असते, असे तो बोलतो. पत्नीच्या व्यभिचाराहून मित्राचा अपराध त्याला अधिक लागलेला आहे आणि ते तो लपवीतही नाही. परंतु आपण लक्ष द्यावे ते एका साध्या गोष्टीकडे. कॉन्राड जवळपास बोलतच नाही. क्रिस्टिना तर कधीच मातीआड झालेली. फिर्यादी तोच, साक्षीदार तोच, न्यायाधीशही तोच, आणि न्यायालय त्याच्याच गढीत भरलेले. अशा निकालपत्रातील उदात्त वाक्ये जपूनच वाचावयास हवीत. माराईला हे कळत होते, असे मला वाटते; कारण जनरलच्या वक्तृत्वाला छेद देणारा पुरावा त्याने कथेच्या पूर्वार्धात शांतपणे मांडून ठेवला आहे.

तो पुरावा पैशाचा आहे. दोघे दहा वर्षांचे असताना व्हिएन्नाच्या सैनिकी शाळेत भेटले. हेन्रिकचा बाप शाही गार्डातील अधिकारी, घरी जमीनजुमला आणि अरण्ये. कॉन्राडचे आईबाप दूर गॅलिशियात राहणारे, कुळाने मोठे पण दारिद्र्याने गांजलेले. मुलास अधिकारी करण्यासाठी त्या दोघांनी स्वतःच्या पोटास चिमटा घेतला. हातमोज्यांचा नवा जोड घेतला तरी तो आईबापांच्या ताटातून वजा होतो, हा हिशेब कॉन्राड लहानपणापासून शिकला. हेन्रिक आपले सर्व काही वाटून घेण्यास तयार होता, पण कॉन्राडने एक पैसाही घेतला नाही. येथे आपल्याकडील वाचकास श्रीकृष्ण व सुदामा आठवतील. परंतु सुदाम्याचे पोहे भगवंताने ओढून घेतले, तसे काही कॉन्राडकडून ओढून घ्यावे हे हेन्रिकला कधी सुचले नाही. देणे त्याला ठाऊक होते. घेणे ठाऊक नव्हते. ज्याच्याजवळ सर्व काही आहे त्याने मोबदला न मागण्यात कसली तपश्चर्या आहे? शपथ पाळणे गढीच्या मालकाला जेवढे सोपे असते तेवढे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला नसते. साम्राज्य 1918 साली कोसळले तरी जनरलच्या लेखी ते अजून उभेच आहे, कारण त्याने शपथ घेतली होती. कॉन्राडला मात्र ज्या देशाशी आपण बांधलेलो होतो तो देशच उरलेला नाही असे वाटते. या संवादात दोघांची सारी आयुष्ये आली.

दुसरा पुरावा संगीताचा. एका संध्याकाळी कॉन्राड व हेन्रिकची आई एकाच पियानोवर बसून शोपँची पोलोनेज-फांतेझी वाजवितात. शोपँ हा कॉन्राडच्या आईच्या नात्यातला. वाजविणारी दोघे भान हरपून गेलेली, आणि ऐकणारे बापलेक अवघडून बसलेले. मागाहून बाप मुलास सांगतो की हा मुलगा कधीही खरा सैनिक होणार नाही. हे दृश्य नीट पाहिले म्हणजे ध्यानात येते की कादंबरीतील त्रिकोण क्रिस्टिनेच्या येण्याची वाट पाहत थांबलेला नव्हता. एक स्त्री, तिची भाषा समजणारा एक परका तरुण, आणि घराचा धनी असूनही दाराबाहेर राहिलेला एक पुरुष, ही आकृती तेव्हाच सिद्ध झाली होती. क्रिस्टिना पुढे आली ती कॉन्राडच्याच ओळखीने, एका गरीब वृद्ध संगीतज्ञाची मुलगी म्हणून. संगीत आणि दारिद्र्य ही दोन्ही तिच्यात व कॉन्राडमध्ये समान. तिचे लग्न मात्र गढीशी झाले. कॉन्राडचा अपराध मी धुऊन काढू इच्छीत नाही. मित्रावर बंदूक रोखणे हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. पण त्या बंदुकीत भरलेली दारू बारा महिन्यांची नव्हती, ती दहाव्या वर्षापासून साठत आली होती, हे जनरलच्या भाषणातून कळत नाही, कादंबरीतून कळते.

शिकारीच्या दुसऱ्या दिवशी हेन्रिक शहरातील कॉन्राडच्या बिऱ्हाडी जातो. इतक्या वर्षांच्या स्नेहात तो तेथे प्रथमच पाऊल ठेवतो! दरिद्री मित्राचे उघडे-बोडके बिऱ्हाड पाहावयास मिळेल अशी त्याची समजूत. दिसतात त्या निवडक, सुरेख वस्तूंनी लावलेल्या खोल्या. तेवढ्यात दार उघडून क्रिस्टिना आत येते. कॉन्राड पळून गेला हे कळताच ती त्याला भ्याड ठरविते आणि चालती होते. सबंध पुस्तकात तिच्या तोंडचे लक्षात राहण्याजोगे एवढेच. त्यानंतर हेन्रिक शिकारखान्यात राहावयास जातो. गढी व शिकारखाना यांच्यात फारसे अंतर नाही, तरी आठ वर्षांत नवराबायको एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत, आणि मग ती मरते. मित्राने एका क्षणी बंदूक उचलली व खाली ठेविली. नवऱ्याने आठ वर्षे खाली ठेविली नाही. तिच्या मृत्यूत आम्हा दोघांचाही हात आहे असे जनरल बोलून दाखवितो खरे, परंतु ते तो कॉन्राडला आपल्या शेजारी उभे करण्यासाठी बोलतो, असा माझा संशय आहे.

आता त्या रोजनिशीविषयी. क्रिस्टिना पिवळ्या मखमलीच्या पुठ्ठ्याची एक रोजनिशी लिहीत असे. मनातील काहीही नवऱ्यापासून लपून राहू नये म्हणून ती त्याला वाचावयासही ठेवी. शिकारीच्या रात्री ती जागेवर नव्हती. तिच्या मृत्यूनंतर ती मोहोरबंद स्थितीत हेन्रिकच्या हाती आली, आणि त्याने ती कधी उघडली नाही. भेटीच्या रात्री तो ती मित्रापुढे ठेवून, वाचावयाची आहे का, असे विचारतो. कॉन्राड नकार देतो, तेव्हा जनरल ती आगटीत टाकतो. त्यानंतर तो विचारतो की तू मला मारणार होतास हे क्रिस्टिनेला ठाऊक होते का. क्रम पाहावा! जिला उत्तर ठाऊक होते तिचे अक्षर आधी जाळावयाचे आणि मग प्रश्न करावयाचा. कॉन्राड उत्तर देत नाही, आणि बहुतेक टीकाकारांप्रमाणे प्रथम वाचताना मलाही या मौनात काही भव्य वाटले होते. दुसऱ्या वाचनात मला तेथे दोन वृद्ध गृहस्थ दिसले, ज्यांना सत्यापेक्षा परस्परांची सोबत अधिक हवी होती.

लेखकावर माझा आक्षेप असेल तर तो येथेच आहे. जनरलला पारखण्याची सर्व साधने त्याने आपल्या हाती दिली, परंतु आगटीपाशी येताच तो स्वतःच मोहून जातो. ज्वाळांचे वर्णन तो पूजेच्या भावाने करतो. त्याच्या गद्याचा डौल तेथे कलेच्या उपयोगी पडत नाही, जनरलच्या उपयोगी पडतो. उत्तरार्धातील सामान्य विधानांची लांबणही थोडी आवरती तर बरे झाले असते. एकच गोष्ट तीन प्रकारांनी सांगण्याची वृद्धांची सवय खरी असली तरी वाचकाने ती पानोपान सोसावी असे नाही.

पाहुणा गेल्यावर जनरल आपल्या नव्वदी उलटलेल्या निनी नावाच्या दाईला सांगतो की भिंतीवरून काढून ठेविलेले क्रिस्टिनेचे चित्र हवे असल्यास पुन्हा लावावे, आता त्याला काही महत्त्व राहिलेले नाही. दोघे एकमेकांचा निरोप घेतात आणि पुस्तक संपते. माझे मन मात्र त्या दोघांबरोबर माडीवर गेले नाही. शिकारीच्या रात्री रोजनिशी जागेवर नव्हती, म्हणजे ती क्रिस्टिनेच्या हाती होती. तिने त्या रात्री तीत काही लिहिले की नुसतीच ती उशाशी घेऊन जागत बसली, एवढे तरी कोणी सांगावयास हवे होते.