'उपलब्ध' आणि 'लभ्य' : मॉरिशसच्या अन्नपुरवठ्यातील कर्बोदकांच्या निमित्ताने

१

आकडा हा शब्दापेक्षा निःसंदिग्ध असतो, असा समज आहारविषयक अभ्यासात रूढ आहे. वस्तुतः कोष्टकातील प्रत्येक आकडा त्याच्या शिरोभागी लिहिलेल्या शब्दाच्या आधारावर उभा असतो. तो शब्द संदिग्ध असेल, तर आकड्याच्या अचूकतेचा उपयोग होत नाही. लहान द्वीपराष्ट्रांत कर्बोदकांची 'उपलब्धता' कशी बदलत गेली, याविषयीच्या विवेचनात ही अडचण विशेष जाणवते. प्रस्तुत लेखात मॉरिशसचे उदाहरण घेऊन तिची तपासणी केली आहे. या बेटावर तांदूळ व गहू जवळजवळ सर्वस्वी बाहेरून येतात आणि ऊस मुख्यतः बाहेर पाठविण्यासाठी पिकविला जातो. त्यामुळे पुरवठ्याचा हिशेब येथे इतर देशांच्या मानाने सोपा असावा, अशी अपेक्षा असते. शिवाय तेथील बहुसंख्य प्रजा भारतीय वंशाची असून तीत कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशजही आहेत. त्यांच्या ताटातील भात मराठी वाचकाला परका नाही.

२

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना प्रत्येक देशाचा जो अन्नताळेबंद तयार करते, त्याची रीत थोडक्यात अशी : उत्पादनात आयात मिळवावी, साठ्यातील चढउतार लक्षात घ्यावा, निर्यात वजा करावी, नंतर पशुखाद्य, बियाणे, प्रक्रिया आणि वाहतूक-साठवणीतील नुकसान वजा करावे. जे उरते ते मनुष्याचे अन्न. त्यास लोकसंख्येने भागले, की दरडोई उपलब्धता मिळते. म्हणजे ही उपलब्धता कोणी मोजलेली नसते. ती एक शिल्लक असते. स्वयंपाकघरात वाया गेलेले, ताटात टाकलेले अन्न तीत समाविष्टच राहते.

कर्बोदकांच्या बाबतीत शिल्लकेची ही क्रिया दुहेरी होते. ताळेबंदाच्या परंपरागत तक्त्यात ऊर्जा, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचे स्तंभ असतात, कर्बोदकांचा नसतो. म्हणून अभ्यासक एकूण ऊर्जेतून प्रथिनांचे दर ग्रॅमास ४ व स्निग्धांचे दर ग्रॅमास ९ उष्मांक वजा करतात आणि बाकीस ४ ने भागतात. केवळ कल्पनेने २८०० उष्मांक, ८० ग्रॅम प्रथिने व ८० ग्रॅम स्निग्ध पदार्थ धरले, तर १७६० उष्मांक, म्हणजेच ४४० ग्रॅम कर्बोदके उरतात. परंतु या बाकीत मद्यार्काची ऊर्जाही दडलेली असते. मद्यार्काच्या एका ग्रॅमास ७ उष्मांक मिळतात. म्हणून दररोजचे १० ग्रॅम मद्यार्क या वजाबाकीत साडेसतरा ग्रॅम 'कर्बोदके' होऊन बसते. उसापासून रम गाळणाऱ्या बेटाच्या बाबतीत ही शंका केवळ तात्त्विक नव्हे.

भाजकाविषयीही असाच प्रश्न उद्भवतो. मॉरिशसची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख. २०१८ व २०१९ या प्रत्येक वर्षी तेथे आलेले पर्यटक तेरा लाखांहून अधिक. प्रत्येकाचा मुक्काम सरासरी दहा दिवसांचा धरला, तर वर्षातील कोणत्याही दिवशी पस्तीस हजारांच्या आसपास पाहुणे बेटावर जेवत होते, असे होते. हे प्रमाण लोकसंख्येच्या तीन टक्क्यांच्या जवळ जाते. संघटनेच्या नव्या पद्धतीत पर्यटकांच्या वाट्याचा स्वतंत्र विचार केला जातो. मात्र जुन्या पद्धतीची मालिका २०१३ पाशी संपते, तर नवी २०१० पासून मांडलेली आहे. या दोन मालिका सलग जोडून जो 'कल' काढला जातो, त्यातील काही भाग लोकांच्या आहाराचा नसून हिशेबाच्या रीतीचा असतो.

३

येथवरची अडचण गणिताची आहे. भाषेची अडचण याहून खोल आहे. मॅकन्स व लॉरेन्स यांनी १९२९ मध्ये खाद्यपदार्थांतील कर्बोदकांविषयीच्या आपल्या अभ्यासात 'उपलब्ध' आणि 'अनुपलब्ध' असा भेद केला. त्यांच्या दृष्टीने उपलब्ध म्हणजे मनुष्याच्या शरीरास पचनानंतर उपयोगी पडणारी पिष्ट व शर्करा. कोंडा व तंतू हा अनुपलब्ध भाग. अन्नताळेबंदात मात्र उपलब्ध म्हणजे बाजारात पोहोचलेले. पहिला अर्थ आतड्याशी संबद्ध, दुसरा बंदराशी. वर सांगितलेल्या वजाबाकीच्या रीतीने हाती येणारे प्रमाण तर या दोहोंपैकी कोणत्याही एका अर्थाने शुद्ध नसते. तरीही एकाच वाक्यात हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाने वावरतात.

मराठीत हा घोटाळा वाढतो, याचे कारण व्याकरणात आहे. इंग्रजी शब्दाचा प्रत्यय शक्यता दाखवितो : जे मिळू शकेल ते. 'उपलब्ध' हे मात्र लभ् धातूचे क्तप्रत्ययान्त रूप आहे. त्याचा मूळ अर्थ 'मिळालेले' असा. 'दरडोई ४४० ग्रॅम कर्बोदके उपलब्ध आहेत' असे वाचताच मराठी वाचकाच्या मनात प्रत्येकास तेवढी मिळाल्याचा भाव सहज उमटतो. मजूर व मालक, खेडे व शहर यांच्यातील भेद त्या एका रूपात लोपून जातो. याउलट 'लभ्य' हे त्याच धातूचे रूप केवळ मिळण्याची योग्यता सांगते. ताळेबंदाच्या शिल्लकेस तेच अधिक साजते.

'पिष्टमय पदार्थ' ही शालेय पुस्तकांतून रूढ झालेली संज्ञाही येथे तोकडी पडते. साखर ही पिष्ट नव्हे. आणि ज्या बेटाचा इतिहास उसाने घडविला, त्याच्या आहाराच्या वर्णनातून साखरेस वगळणारी संज्ञा वापरणे अनुचित होय. 'कर्बोदके' ही संज्ञा व्यापक आहे, पण व्यापकपणामुळेच ती भात, कसावा आणि साखर यांच्यातील भेद पुसून टाकते.

४

हा भेद पुसला जाणे किती महागात पडते, हे मॉरिशसच्या इतिहासावरून स्पष्ट होते. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तेथून येणारा तांदूळ बंद झाला. शासनाने मळेवाल्यांना काही जमिनीवर अन्नपिके लावण्याची सक्ती केली. मका, कसावा, रताळी यांवर लोकांना दिवस काढावे लागले. एक किलो तांदळाइतकी कर्बोदके मिळण्यास सुमारे दोन किलो ताजा कसावा लागतो, कारण त्यात पाण्याचा अंश साठ टक्क्यांच्या आसपास असतो. ग्रॅमच्या स्तंभात हे दोन समान. पिकविणे, वाहणे व शिजविणे यांच्या श्रमात ते समान नाहीत, आणि कसाव्यातील प्रथिनांचा अंश तर अत्यल्प. युद्धानंतर जमीन पुन्हा उसाकडे वळली.

पुढे १९७५ च्या लोमे करारातील साखरविषयक तरतुदींनी युरोपात हमीची किंमत मिळाली. ती व्यवस्था २००९ मध्ये संपुष्टात आली. तांदूळ व पीठ यांच्या आयातीसाठी १९८२ मध्ये स्थापन झालेले शासकीय व्यापार महामंडळ आजही स्वस्त दराचा तांदूळ पुरविते. क्रिओल बोलीत त्यास 'दिरी रासियों', म्हणजे शिध्याचा तांदूळ, म्हणतात. 'दिरी' (तांदूळ), 'दिपें' (पाव), 'दिसिक' (साखर) या शब्दांत फ्रेंच भाषेतील अंशवाचक उपपद कायमचे चिकटून बसले आहे. 'मान्योक' (कसावा) व 'पातात' (रताळे) यांस ते नाही. यावरून आहाराचा इतिहास सिद्ध होत नाही. परंतु ताळेबंद जे एका स्तंभात मिसळतो, त्या प्रत्येकास बोलीत स्वतंत्र नाव आहे, एवढे खरे.

जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात रोखली, तेव्हा मॉरिशससाठी १४,००० टनांची खास परवानगी द्यावी लागली. लभ्यता ही बेटाच्या किनाऱ्यापलीकडे घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नको.

५

उत्पन्न वाढले की आहारातील कर्बोदकांचा वाटा घटतो, हे विधान वारंवार केले जाते आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु वाटा आणि प्रमाण या दोन गोष्टी आहेत. समजा, दरडोई ऊर्जा २४०० उष्मांक असताना कर्बोदके ४०० ग्रॅम होती. पुढे ऊर्जा २८०० झाली आणि कर्बोदके ४२०. ऊर्जेतील त्यांचा वाटा दोन-तृतीयांशावरून साठ टक्क्यांवर आला, पण ताटातील भार वीस ग्रॅमनी वाढला. 'कर्बोदकांत घट' हा मथळा येथे अर्धसत्य ठरतो.

मॉरिशसमध्ये हे अर्धसत्य परवडणारे नाही. १९८७ च्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे प्रमाण भारतीय, क्रिओल व चिनी अशा सर्वच समाजांत मोठे आढळले. २००९ च्या पाहणीत प्रौढांपैकी पाचांत एकाहून अधिक जण मधुमेही निघाले. या वाढीचे कारण एकट्या कर्बोदकांत शोधणे अशास्त्रीय होईल; स्निग्ध पदार्थ, शरीरश्रम, वय, आनुवंशिकता यांचाही विचार आवश्यक आहे. तथापि, घटत्या वाट्याकडे बोट दाखवून पांढरा तांदूळ, मैदा व साखर यांचा प्रश्न मिटल्याचे मानणे हेही तितकेच अशास्त्रीय होय.

६

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. ताळेबंदातील राशीस 'लभ्य' व शरीरास उपयोगी पडणाऱ्या अंशास 'पचनीय' म्हणावे. 'उपलब्ध' हा शब्द ज्यांनी घरोघर जाऊन खाल्लेले मोजले, त्यांच्यासाठी राखून ठेवावा. धान्यपिष्ट, कंदपिष्ट व साखर यांचे स्तंभ वेगळे मांडावेत आणि मद्यार्काची ऊर्जा आधीच वेगळी काढावी. कोणताही कल सांगताना ग्रॅम व शेकडेवारी दोन्ही द्यावीत. परिभाषेचा हा आग्रह शुष्क पांडित्याचा वाटण्याचा संभव आहे. परंतु शिध्याच्या तांदळावर किती द्रव्य खर्चावे आणि जमीन उसास द्यावी की कसाव्यास, हे निर्णय अशाच कोष्टकांवरून होतात. आणि कोष्टक वाचणारा अधिकारी प्रथम त्याचा मथळा वाचतो.