‘झिंगाट’ : पडद्यावरून वरातीकडे

प्रस्तावना

मराठी समीक्षेने लावणी, पोवाडा, भावगीत आणि नाट्यसंगीत यांचा साक्षेपाने विचार केला आहे. वरातीत वाजणाऱ्या गाण्याकडे मात्र तिने सहसा पाठच फिरविली. असे गाणे हा ध्वनिप्रदूषणाचा विषय, वाङ्मयीन चर्चेचा नव्हे, असा आपल्या प्राध्यापकवर्गाचाही समज दिसतो. परंतु जे गाणे दशकभर एका जिल्ह्याच्या लग्नसराईवर, गणेश विसर्जनावर आणि महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांवर राज्य करते, त्याला केवळ गोंगाट म्हणून बाजूला सारणे अभ्यासकाला शोभणारे नाही. प्रस्तुत लेखात ‘सैराट’ या चित्रपटातील ‘झिंगाट’ या गीताचा आणि त्याच्या टिकून राहिलेल्या प्रभावाचा विचार यवतमाळ जिल्ह्यातील अनुभवाच्या आधारे केला आहे.

गीताची जडणघडण

नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. संगीत अजय-अतुल यांचे होते. चित्रपटात गाणी अवघी चार. त्यांसाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे झाले, याची त्या काळी पुष्कळ वाच्यता झाली होती. व्हायोलिनच्या ताफ्याने नटलेली इतर गाणी आजही आवडीने ऐकली जातात. गंमत अशी की, या चारांतले सर्वाधिक वाजलेले गाणे वाद्यवृंदाच्या श्रीमंतीवर उभे नाही. हलगीच्या वळणाचा कडकडाट, बँडबाजाची आठवण देणारी सुरावट, आणि या दोहोंच्या तळाशी यंत्रासारखा न थकणारा ठेका हेच त्याचे भांडवल.

ही वाट अजय-अतुल यांनी एकाएकी काढली नाही. ‘जत्रा’ (२००६) मधील ‘कोंबडी पळाली’ हे आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायिलेले गीत याच वळणाचे होते. त्यामागे कॅसेटच्या काळातील शिंदे घराण्याची लोकगीते आहेत. दुसऱ्या बाजूने डिस्कोचा ठेका आला. १९८० च्या ‘कुर्बानी’तील ‘आप जैसा कोई’ने तो आपल्याकडे घरोघर पोहोचविला होता. ‘झिंगाट’मध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र आले, आणि ते इतके सहज की कोणता देशी व कोणता परका हे नाचणाऱ्याला विचारावेसे वाटत नाही. मिश्रणाचे यश ओळखण्याची माझ्या मते हीच खूण.

भाषेचाही विचार केला पाहिजे. गीताची बोली करमाळा-सोलापूर भागाची. वऱ्हाडी वळणाने बोलणारा दारव्हा-दिग्रसकडचा विद्यार्थी एरवी त्या बोलीची थट्टा करील. हे गाणे म्हणताना मात्र तिचे उच्चार तंतोतंत उचलतो. पश्चिम महाराष्ट्राची ग्रामीण बोली विदर्भातील तरुणांच्या तोंडी इतक्या आपलेपणाने पोहोचविण्याचे काम आमच्या पाठ्यपुस्तकांतील ग्रामीण कथांनाही जमले नव्हते, हे मराठीचा अध्यापक म्हणून मान्य करावे लागते.

चित्रपटातील स्थान

गीत कोठे येते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अर्चीच्या भावाचा वाढदिवस आहे. पाटलाच्या दारात मांडव आहे. मासेमारी करणाऱ्या घरातला, जातीने खालचा मानला गेलेला परशा मित्रांसह त्या मांडवात नाचतो, आणि अर्चीही नाचते. आनंदाचा हा अत्युच्च क्षण आहे. त्याच रात्री दोघांचे प्रेम घरच्यांना कळते आणि मारहाण सुरू होते. म्हणजे हे गाणे निव्वळ करमणुकीची जागा नाही. कोणी कोणाच्या दारात नाचावे, याचा अलिखित नियम या ठेक्यावर काही मिनिटांपुरता मोडला जातो आणि त्याची किंमत पुढचा सगळा चित्रपट भरीत राहतो. सर्वाधिक गाजलेले नृत्यगीत देणाऱ्या या चित्रपटाचा शेवट नीरव आहे, हेही विसरता येत नाही. रक्ताने माखलेल्या पावलांनी लहान मूल बाहेर पडते तेव्हा पार्श्वसंगीत थांबलेले असते.

डीजेच्या गाडीवर हा संदर्भ गळून पडतो. तेथे गाण्याचा आकर्षक तुकडा तेवढा उचलला जातो, कडवी कापली जातात, ठेका जाड केला जातो आणि तोच तुकडा फिरून फिरून येतो. ज्या चित्रपटावर जातीय अंगाने टीका झाली, त्यातील गाण्यावर ती टीका करणाऱ्यांच्या घरचीही वरात नाचते. याला कोणी कलेचा विजय म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. गावात वरात कोणत्या गल्लीतून जावी आणि कोणत्या गल्लीतून जाऊ नये, हे अजूनही ज्याला त्याला ठाऊक असते. गाणे सर्वांचे झाले, रस्ता सर्वांचा झाला असे नाही.

हिंदीत ‘धडक’ (२०१८) या रूपांतराने हे गीत अजय-अतुल यांच्याच संगीतासह, नव्या हिंदी शब्दांत घेतले. कथा उदयपूरला गेली, जातीचा काटा बोथट झाला. चाल तीच असूनही गाणे चकचकीत झाले, इतकेच. कन्नडमधील ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) मध्येही कथा गेली. नायिका तेथेही रिंकू राजगुरूच होती.

जिल्ह्यातील प्रभाव

यवतमाळ जिल्ह्यात लग्नाची वाद्ये जातीजमातीप्रमाणे वेगवेगळी होती. डफडे होते, संदल होते, बंजारा तांड्यावरचा नंगारा होता, शहरात क्लॅरिनेटचा बँड होता. नागपूरकडून धुमाल आले. डीजेने या वेगळेपणावर वरवंटा फिरविला, आणि त्या वरवंट्याचे बोधगीत म्हणजे ‘झिंगाट’, असा आरोप करता येईल. तो निम्माच खरा आहे. बँडवाले मागे पडू लागले ते या गाण्याच्या आधीच. उलट ज्यांनी तग धरला त्यांनी हेच गाणे क्लॅरिनेटवर बसवून घेतले. चालीत मुळातच बँडचा अंश असल्याने ते तेथे परके वाटत नाही.

खर्चाची बाजू अधिक गंभीर आहे. कापसाच्या भावावर ज्याचे वर्ष उभे राहते अशा शेतकऱ्याला मुलीच्या लग्नात डीजे ‘लागतोच’ असे वाटू लागणे, हा या संस्कृतीचा खरा भार आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. रात्री दहानंतर खुल्या जागेत ध्वनिक्षेपकास मनाई आहे आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. भिंतीवरची भांडी हलविणारा खर्ज या मर्यादेत बसत नाही, हे सांगण्यास यंत्राची गरज नाही. आमच्याच एका सहकाऱ्यांच्या वृद्ध वडिलांना वरात जाईपर्यंत मागच्या खोलीत कानांवर उशी धरून बसवावे लागले होते.

तरीही एक गोष्ट जमेच्या बाजूला लिहिलीच पाहिजे. २०१६ पूर्वीच्या आमच्या स्नेहसंमेलनांत मुली नाचत त्या मंचावर, बसविलेले नृत्य म्हणून. मंचाखाली नाचणे हा मुलांचा हक्क समजला जाई. त्या वर्षीच्या संमेलनात हे गाणे लागताच मागच्या रांगांतील मुली उठल्या. शिस्त समितीतील आम्ही दोघे-तिघे पुढे झालो आणि थांबलो. अर्चीने पडद्यावर जे केले त्यापेक्षा त्यांनी वेगळे काही केले नव्हते. लोकगीतांत स्त्री नाचे ती पाहणाऱ्यांसाठी. येथे ती स्वतःसाठी नाचत होती. या बदलाची नोंद समीक्षेने अद्याप घेतलेली नाही.

झरी-जामणी तालुक्यातील एका कोलाम पोडावर राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर होते. शेवटच्या संध्याकाळी आमच्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवर ‘झिंगाट’ लावले आणि नेहमीप्रमाणे हात वर करून उड्या मारू लागले. पोडावरची मुले थोडा वेळ पाहत राहिली. मग त्यांनी एकमेकांचे हात धरले, रिंगण केले आणि त्याच ठेक्यावर आपल्या ढेमशाची पावले टाकली. गाणे संपले, तरी रिंगण फिरत होते. कोणीतरी ढोल आणावयास गेले होते.