नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला का?

"पेटंट घेणारे डॉक्टर" हा विषय सिनॉप्सिससाठी भलताच मोहात पाडणारा आहे. डॉक्टरांची नोंदवही सार्वजनिक असते, पेटंटची यादीही सार्वजनिक असते. दोन्ही डाउनलोड करायच्या, नावावरून जोडायच्या, की झाला डेटा तयार! अशा अभ्यासांतल्या पद्धतीच्या प्रकरणात माझी नजर आधी एकाच वाक्यावर जाते: "दोन्ही याद्या नावानुसार जुळवल्या." पुढचे आलेख कितीही देखणे असोत, सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा असतो. आणि तेच वाक्य बहुतेक वेळा सगळ्यात कच्चं असतं.

आधी साधा हिशोब बघू. समजा, एका राज्यात 'एस. पाटील' नावाचे १० डॉक्टर आहेत आणि पेटंटच्या यादीत 'एस. पाटील' नावाचे १० शोधकर्ते. नावावरून जोडलं तर १०० जोड्या तयार होतात. त्यातल्या खऱ्या जास्तीत जास्त १० असू शकतात, आणि कदाचित एकही नसेल. म्हणजे उत्तम परिस्थितीतही ९० जोड्या खोट्या. हे संगणकाला कळत नाही. त्याच्या दृष्टीने शंभरही जोड्या तंतोतंत जुळलेल्या आहेत.

"मग पूर्ण नाव घेऊ, सोबत विषय बघू," असं कुणीही म्हणेल. त्यांच्यासाठी लिस्टर घराणं. जोसेफ लिस्टर (१८२७–१९१२) हे कार्बोलिक ॲसिड वापरून शस्त्रक्रिया निर्जंतुक करणारे सर्जन, ते सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचे वडील जोसेफ जॅक्सन लिस्टर (१७८६–१८६९) पेशाने वाइनचे व्यापारी, पण सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांमधला दोष कमी करण्याची त्यांची १८३० सालची रचना फार महत्त्वाची ठरली. आणि सर्जन लिस्टरांचा पुतण्या, हाही जोसेफ जॅक्सन लिस्टर (१८५७–१९२७), केंब्रिजचा प्राणिशास्त्रज्ञ. तिघंही रॉयल सोसायटीचे फेलो.

आता यांना वेगळं करून दाखवा! आजोबा आणि नातू यांचं पूर्ण नाव अक्षरशः एकच आहे. विषय बघावा तर तिघांच्याही कामात सूक्ष्मदर्शक आहे; सर्जन लिस्टरांनीही सुरुवातीच्या काळात डोळ्याच्या बुबुळातल्या स्नायूंवर सूक्ष्मदर्शकाखाली काम केलं होतं. आजोबा-नातवात साल मदतीला येतं, पण बाप-लेकाच्या हयातीची चाळीसएक वर्षं सामाईक आहेत. थोडक्यात, नाव, विषय आणि साल यातला कुठलाही एक पुरावा पुरत नाही.

नोंदवह्यांकडे येऊ. माझ्या मते यात डॉक्टरांची व्यवस्था सगळ्यात शहाणी आहे, कारण ती नावावर विसंबत नाही. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलचा सात अंकी क्रमांक असतो. अमेरिकेत दहा अंकी एनपीआय. डॉक्टरने नोकरी किंवा राज्य बदललं तरी तो बदलत नाही. आपल्याकडे राज्यांच्या परिषदा आपापले क्रमांक देत आल्या, त्यामुळे नुसता नोंदणी क्रमांक लिहून भागत नाही. परिषदेचं नाव आणि नोंदणीचं सालही लागतं. (राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवही २०२४ मध्ये सुरू झाली आहे.) पेटंटकडे मात्र असा क्रमांकच नाही. अमेरिकेच्या पेटंटवर शोधकर्त्याचं नाव आणि तो राहतो ते गाव छापतात, बस्स. एनपीआयच्या सार्वजनिक नोंदीत पत्ता दवाखान्याचा, पेटंटवर गाव घराचं. त्यामुळे एकच माणूस दोन गावांचा दिसतो, आणि पत्ता जुळला नाही म्हणून खरी जोडी बाद होते.

पेटंट्सव्ह्यू नावाचा अमेरिकी डेटासेट सहशोधक, कंपनी, गाव यांवरून कोणतं पेटंट कुणाचं याचा अंदाज बांधतो आणि शोधकर्त्याला क्रमांक देतो. उपयोगी आहे, मी वापरायला सांगेनच. पण तो क्रमांक म्हणजे अल्गोरिदमचं मत आहे. एनपीआयसारखा कुणी अधिकृतपणे दिलेला नव्हे. दोघांना एकाच रकान्यात बरोबरीने बसवणं मला पटत नाही. ऑर्किडचंही (फूल नव्हे, लेखकाचा सोळा वर्णांचा क्रमांक) तसंच. त्यातला शेवटचा वर्ण टायपिंगची चूक पकडतो, चुकीचा माणूस पकडत नाही. शिवाय २०१२ पूर्वी ऑर्किड नव्हतंच. पबमेडमध्येही लेखकांची पूर्ण नावं २००२ पासून पुढे मिळतात. त्याआधीच्या नोंदीत आडनाव आणि आद्याक्षरं.

चुका दोन प्रकारच्या होतात: दोन माणसं एक होतात, किंवा एका माणसाचे दोन तुकडे पडतात. पेपरांमध्ये दोन्हींचा मिळून एकच टक्का देतात, याला माझा ठाम आक्षेप आहे. डॉक्टरांच्या नोंदवहीत शिस्तभंगाची कारवाईही दिसते. दोन माणसं एक झाली, तर एकावरची कारवाई दुसऱ्याच्या नावावर चढते, तीही तुमच्या तक्त्यातून. तुकडे पडले तर एखाद्याची चार पेटंटं दोन-दोन दिसतील. वाईटच, पण तेवढं नाही.

शिवाय या चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. चिनी, कोरियन नावं रोमन लिपीत आली की एकमेकांत मिसळतात. आपल्याकडे पाटील, जोशी, कुलकर्णी मिसळतात. आणि लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या डॉक्टर बाईंचे सरळ तुकडे होतात: पदवी एका नावावर, पेटंट दुसऱ्या. मग "महिला डॉक्टर पेटंट कमी घेतात" हा निष्कर्ष कितपत खरा आणि कितपत जोडणीने घडवलेला? असा निष्कर्ष वाचताना मी हे आधी शोधते, आणि उत्तर क्वचित सापडतं.

तुम्ही असं काम हातात घेणार असाल तर जुळलेल्या जोड्यांतल्या शंभरेक यादृच्छिकपणे उचलून हाताने तपासा: रुग्णालयाचं पान, सहलेखक, साल. न जुळलेल्यांतल्याही तेवढ्याच तपासा, हे लोक हमखास विसरतात. मग फक्त दुर्मीळ आडनावांवर तेच विश्लेषण पुन्हा चालवा. निष्कर्ष बदलला, तर त्यात नावांच्या गोंधळाचा हात असू शकतो (दुर्मीळ आडनावांचे लोक वेगळ्या समाजगटांतले असू शकतात, तेही लिहा). आणि तक्त्यात "जुळले" व "जुळले नाही" यांच्या शेजारी "ठरवता आलं नाही" असा तिसरा रकाना ठेवा. तो रकाना मोठा निघाला की गाईड कुरकुर करतील. करू द्या, आकडा मात्र छापा.