एका शब्दाची वाटणी

भाषांतराविषयी जी चर्चा होते ती बहुधा म्हणी, वाक्प्रचार आणि वृत्ते यांच्याभोवती फिरत असते. अवघड शब्द तेवढे अडवतात, सोपे शब्द आपोआप पलीकडे जातात, असे तिच्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः अनुभव याच्या उलट आहे. दुर्मिळ शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो. त्याला प्रतिशब्द शोधला किंवा घडवला की काम भागते. खरी कसोटी लागते ती रोजच्या वापराने गुळगुळीत झालेल्या लहानशा शब्दापाशी. इंग्रजीतील ‘माइंड’ हा असा शब्द आहे. नॉर्वेजियन भाषेत तो नेताना काय घडते हे पाहिले, तर भाषांतराकडून आपण नेमके काय मागतो, याचाच फेरविचार करावा लागतो.

यात अडचण ती कोणती, असे मराठी वाचकाला प्रथम वाटेल. आपल्याजवळ ‘मन’ आहे, आणि ‘माइंड’ व ‘मन’ एकाच प्राचीन धातूपासून निघाले आहेत. परंतु नाते सख्खे असले तरी संसार वेगळे आहेत. इंग्रज माणूस संकटात ‘माइंड’ जागेवर ठेवतो, तेव्हा आपण त्याला प्रसंगावधान म्हणतो. तो ‘माइंड’ बदलतो, तेव्हा आपण विचार बदलला म्हणतो. आणि राजा लिअर आपल्या ‘माइंड’विषयी शंका घेतो, तेव्हा आपल्याला बुद्धी आठवते. नॉर्वेजियनमध्ये तर त्याच धातूचा वारस असलेला ‘मिन्ने’ हा शब्द ‘स्मृती’ एवढ्याच अर्थापुरता उरला आहे. बाकीची मिळकत इतरांनी वाटून घेतली.

हे वाटेकरी कोण? ‘सिन्’ म्हणजे वृत्ती, चित्त. मनःशांतीतले मन हेच. पण रागाचा शब्दही याच घरातला असल्यामुळे त्याला थोडी ऊब आहे. ‘शेल’ म्हणजे आत्मा; इंग्रज ‘शरीर आणि माइंड’ म्हणेल तेथे नॉर्वेजियन माणसाच्या तोंडी सहज ‘शरीर आणि शेल’ येते. ‘फोर्स्टान्’ ही समज, विवेकबुद्धी. माणूस वेडा होतो तेव्हा हरवते ती हीच. ‘ऑन्’ म्हणजे चैतन्य, प्रतिभा, आणि देहावेगळा आत्माही. श्वासाच्या शब्दाशी त्याचे नाते आहे. प्रसंगावधानाला नॉर्वेजियन भाषा ‘ऑन्’ची उपस्थिती म्हणते. तत्त्वज्ञानाच्या ज्या शाखेला इंग्रजीत ‘माइंड’चे नाव आहे, तिला तेथे बहुधा ‘जाणिवेचे तत्त्वज्ञान’ म्हणतात. प्रत्येक पर्याय आपापल्या जागी चोख आहे. कोशकाराचे समाधान येथे होईल.

परंतु साहित्यकृती कोशासारखी एकेक अर्थ सुटा करून ठेवत नाही. ‘हॅम्लेट’ पाहा. पहिल्या अंकात, भुताची वार्ता कानी येण्यापूर्वीच, हॅम्लेट आपल्या बापाला ‘माइंड’च्या डोळ्यांनी पाहतो. तिसऱ्या अंकातील प्रसिद्ध स्वगताच्या आरंभी, सोसावे की प्रतिकार करावा हा प्रश्न तो ‘माइंड’च्या थोरवीच्या संदर्भात मांडतो. त्याच प्रवेशात थोड्याच वेळाने ऑफेलिया शोक करते तो एका थोर ‘माइंड’च्या विध्वंसाबद्दल. आठवणारे, तोलून पाहणारे आणि (निदान तिच्या दृष्टीने) कोसळलेले, हे सारे एकच आहे, ही प्रतीती एका शब्दाच्या पुनरुक्तीतून प्रेक्षकाच्या नकळत घडते. नॉर्वेजियनमध्ये पहिल्या जागी ‘आतला डोळा’ हा रूढ प्रयोग येतो आणि ‘माइंड’ नाहीसेच होते; दुसऱ्या जागी ‘सिन्’ शोभते; तिसऱ्या जागी ‘ऑन्’ खुणावते. तिन्ही ठिकाणी भाषांतर अचूक, आणि तरीही मधला धागा तुटलेला!

पण हिशोबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ऑफेलियाच्या तोंडी ‘ऑन्’ घातला की मुलाचे भंगलेले मन आणि तटावर भटकणारा बापाचा आत्मा एका शब्दाच्या छायेत येतात. हा संबंध इंग्रजीतील ‘माइंड’ सुचवीत नाही, पण नाटकाच्या आशयाला तो परका नाही. एक धागा तुटला तेथे दुसरा विणता येतो. मात्र त्यासाठी भाषांतरकाराने शब्दापुरते न पाहता सबंध नाटकाचा पट नजरेपुढे ठेवला पाहिजे.

नॉर्वेत या निवडीला आणखी एक पदर आहे. १८१४ मध्ये डेन्मार्कशी असलेले राजकीय नाते संपले, तरी लिखित भाषा दीर्घकाळ डॅनिशच राहिली, आणि एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षित वाचक शेक्सपिअर डॅनिश भाषांतरांतून वाचत असे. ईवार ओसेन यांनी खेड्यापाड्यांतील बोली धुंडाळून १८५० मध्ये त्यांचा कोश सिद्ध केला आणि त्यांतून नवी लेखनभाषा घडवली. १८८५ मध्ये संसदेने तिला बरोबरीचा दर्जा दिला. तीच आजची नीनोर्स्क. हेन्रिक रूटर यांनी १९३२–३३ मध्ये शेक्सपिअरची २३ नाटके या भाषेत आणली; पुढे आंद्रे ब्येर्के यांनी रिक्समोल या नागर परंपरेच्या भाषेत शेक्सपिअर उतरवला. म्हणजे एका देशात शेक्सपिअरला दोन घरे मिळाली.

नीनोर्स्कच्या घरात ‘हूग’ हा जुना शब्द जिवंत आहे. ओडिन देवाच्या दोन कावळ्यांपैकी हुगिनचे नाव याच मुळाचे. ‘हूग’मध्ये विचार आहे, ओढ आहे, आणि आठवण ठेवण्याचे क्रियापदही त्यापासूनच निघाले आहे. ज्या भाषेला गावंढळ म्हणून हिणवले गेले, तिच्यापाशीच ‘माइंड’च्या विस्ताराला जवळचा शब्द निघावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. तोही तंतोतंत जुळत नाही. त्याचा कल इच्छेकडे अधिक आहे. ज्याला बापाचे भूत ‘आठवण ठेव’ म्हणून बजावते आणि ज्याचा हात मात्र उचलत नाही, त्या हॅम्लेटच्या संदर्भात हा कल उलट अधिक बोचरा होतो. ‘सिन्’ने तो सोसणारा वाटेल, ‘हूग’ने तो इच्छेपाशी अडलेला वाटेल. दोन्ही हॅम्लेट मूळ नाटकात आहेत. इंग्रजीला त्यांपैकी एक निवडावा लागला नाही, इतकेच.

तेव्हा ‘मूळ शब्दाला न्याय मिळाला का’ हा आपल्या परीक्षणांतला नेहमीचा प्रश्न अपुरा आहे. अनेकार्थी शब्दाला एका जागी न्याय देणे कोशाच्या मदतीने साधते. विचारायला हवे ते हे, की मूळ कृतीत त्या शब्दाने जी माणसे, जे प्रसंग आणि जे क्षण एकत्र बांधले होते, त्यांना भाषांतराने आपल्या भाषेतल्या कोणत्या सूत्राने बांधले? सूत्र निराळे असेल, असायलाच हवे. पण ते मुळीच नसेल, तर ओळ न् ओळ अचूक असूनही नाटक सुटे सुटे पडते, आणि चूक कोठे झाली हे कोणत्याही एका ओळीवर बोट ठेवून दाखवता येत नाही.